रजनी कोठारींचं ‘पॉलिटिक्स इन इंडिया’: पन्नास वर्षांहून जुनं पुस्तक आज विकत घ्यावं का?

आधी एक कबुली देऊन टाकतो. कॉलेजात राज्यशास्त्र होतं तेव्हा ‘टिपा लिहा’मध्ये काँग्रेस व्यवस्था ही टीप ठरलेली असायची, आणि मी दोन वर्षं पेपरात ‘रजनी कोठारी या म्हणतात की’ असं लिहून आलो. आपल्याकडे रजनी म्हटलं की बाईच डोळ्यासमोर येते आणि गाईडमध्ये फोटो नव्हता. मार्क मात्र पूर्ण मिळाले, म्हणजे तपासणाऱ्यांनाही तसंच वाटत असावं किंवा त्यांनी दुसरी ओळ वाचलीच नसावी. कोठारी हे गुजराती गृहस्थ, १९२८ चा जन्म, बडोद्याच्या विद्यापीठात शिकवायचे आणि पुढे दिल्लीत त्यांनी अख्खी संस्था उभी केली, हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तक घ्यायचं कारण झालं २०२४ चा लोकसभेचा निकाल. भाजप २४० वर थांबला त्या दिवशी आम्ही चारपाच जण टीव्हीसमोर बसलो होतो आणि पॅनेलवरचे लोक ‘एकपक्षवर्चस्व’, ‘जातींचं राजकीयीकरण’, ‘छत्रीसारखा पक्ष’ असे शब्द भुईमुगाच्या शेंगा सोलल्यासारखे टाकत होते. मला एकदम गाईडचं ते पान आठवलं. म्हटलं अरे हे सगळं तर त्या टिपेतलंच आहे, फक्त नाव कोणी घेत नाहीये. मग ठरवलं की आयुष्यात एकदा तरी मूळ पुस्तक वाचायचं, पाच मार्कांपुरतं नाही, पूर्ण.

जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलं. वर्णनात ‘गुड कंडिशन’ होतं, आलं ते पिवळं पडलेलं, बाइंडिंग मधोमध सैल, आणि आतल्या जवळपास निम्म्या पानांवर पेन्सिलच्या खुणा. पहिल्यांदा राग आला, परत पाठवणार होतो, मग समासातल्या नोंदी वाचायला लागलो आणि थांबलो. आधीच्या मालकाने, की मालकिणीने, कोठारींशी पानोपानी भांडण केलंय. कुठे ‘हे गावात येऊन बघा’, कुठे नुसतं ‘१९७७?’, एका ठिकाणी तर ‘साखर कारखाना विसरले’. म्हणजे एका किमतीत दोन पुस्तकं मिळाली. छपाई मात्र बारीक आहे हे सांगून ठेवतो, चष्मा असेल तर लावूनच बसा.

आता मजकूर. हे पुस्तक १९७० मध्ये अमेरिकेत लिटल, ब्राऊन या प्रकाशनाच्या तौलनिक राजकारणाच्या मालिकेत आलं, एकेका देशावर एकेक पुस्तक अशी ती मालिका, आणि हे लक्षात ठेवून वाचलं तर भाषेचा त्रास जरा कमी होतो. कारण पहिली पन्नासेक पानं म्हणजे सिस्टिम, इंटिग्रेशन, मोबिलायझेशन, परफॉर्मन्स यांचा नुसता पाऊस. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत हीच भाषा चालायची, तिथे मान्यता हवी तर तीच बोलावी लागायची. खरं सांगतो, मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा पान ४० च्या आसपास पुस्तक उशाखाली गेलं. चौथ्यांदा वेगळी युक्ती केली, तीच तुम्हालाही सांगतो: आधी पुस्तक नका वाचू. आधी १९६४ च्या डिसेंबरात ‘एशियन सर्व्हे’ या जर्नलमध्ये आलेला त्यांचा ‘काँग्रेस सिस्टिम’वरचा लेख वाचा, जेमतेम तेरा पानांचा आहे. तो पचला की मग पुस्तकातली गाडी रुळावर येते.

त्या लेखात काय आहे ते गाईडमध्ये तीन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. नेहरू जाऊन सहासात महिने झालेत, आणि पाश्चात्त्य पंडितांना प्रश्न पडलाय की हा देश लोकशाही म्हणायचा की एकपक्षीय राजवट, कारण निवडणुका होतात पण निवडून एकच पक्ष येतो. १९५२ मध्ये ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला. पण मतं किती, तर साधारण ४५ टक्के. १९५७ मध्ये जागा ३७१, मतं ४८ टक्क्यांच्या आत. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक दर वेळी काँग्रेसच्या विरोधात मत देतायत आणि तरी सरकार काँग्रेसचंच. कोठारी म्हणतात, इथे स्पर्धा नाही असं नाही, ती तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. सत्ताधारी आणि विरोधी अशी ब्रिटिश पद्धतीची रेघ इथे ओढली तर काहीच दिसणार नाही, कारण खरी मारामारी काँग्रेसच्या पोटात चालू आहे, गटागटांत, जिल्ह्याजिल्ह्यात, तिकीटवाटपाच्या वेळी, अध्यक्षपदाच्या वेळी. काँग्रेस हा सहमतीचा पक्ष, आणि बाहेरचे सगळे म्हणजे समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ, स्वतंत्र वगैरे, हे दबावाचे पक्ष. ते सत्तेत येत नाहीत, पण काँग्रेसमधल्या कुठल्या ना कुठल्या गटाच्या कानाशी लागून आपलं म्हणणं आत पोचवतात. आणि त्यांच्याकडे एक न वापरलेली धमकी कायम असते, की तुम्ही लोकांच्या मनापासून फार लांब गेलात आणि तुमच्या गटांनीही तुम्हाला वेळेत परत आणलं नाही, तर मग आम्ही येऊ.

हे वाचल्यावर मी पुस्तक बंद करून संयुक्त महाराष्ट्राचा विचार करत बसलो, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोडपून काढलं, पण द्वैभाषिक मुंबई राज्यातलं सरकार काही समितीचं आलं नाही, यशवंतरावच मुख्यमंत्री राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीने निदर्शनं केली, आणि मग हळूहळू ती मागणी काँग्रेसच्या आतल्याच लोकांनी दिल्लीच्या गळी उतरवली. १ मे १९६० ला राज्य झालं. मंगल कलश आणला यशवंतरावांनी. आणि पुढे १९६२ ला विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा कोणाच्या, काँग्रेसच्या! समिती फुटली, एकेक जण आपापल्या वाटेने गेला. बाहेरच्याने दाब दिला, आतल्याने तो झेलला, श्रेय घेतलं आणि खुर्ची पक्की केली. कोठारींचं मॉडेल इथे इतकं चपखल बसतं की जणू माणसाने मुंबईत बसूनच लेख लिहिलाय.

पण, आणि हा पण मोठा आहे, हुतात्मा चौकातून जाताना हाच ‘दबाव’ शब्द घशात अडकतो. शंभराहून जास्त माणसं गेली तेव्हा कुठे तो दबाव पोचला. कोठारींच्या लेखात सहमती कशी तयार होते ते दिसतं, ती तयार होताना गोळ्या कोण झेलतो हे दिसत नाही. माझ्या प्रतीतल्या पेन्सिलवाल्यानेही नेमकं अशाच एका परिच्छेदाशेजारी ‘किंमत?’ एवढाच शब्द लिहिलाय.

लेख आला आणि तीन वर्षांत १९६७ ची निवडणूक झाली, लोकसभेत काँग्रेस ५२० पैकी २८३ वर आली आणि बरीच राज्यं हातची गेली. कोणाही लेखकाचा पोपट झाला असता. १९६९ ला तर पक्षच फुटला. आणि पुस्तक येतंय १९७० ला, म्हणजे ज्या व्यवस्थेचं वर्णन करायचं तीच डोळ्यासमोर विरघळतेय. मजा म्हणजे महाराष्ट्रात तेव्हाही काही हललं नव्हतं, १९६७ ला इथे २७० पैकी २०३ काँग्रेसच्याच, त्यामुळे आपल्याकडे ही थिअरी देशापेक्षा जास्त वर्षं ताजी राहिली. जिल्हा परिषदा १९६२ ला सुरू झाल्या, साखर कारखाने, बँका, शिक्षणसंस्था, बाजार समित्या, ज्याला आमदारकी नाही त्याला चेअरमनकी, ज्याला चेअरमनकी नाही त्याला झेडपी. प्रत्येक तालुक्यात दोन गट, दोन्ही काँग्रेसचेच, आणि एकमेकांना पाडायला दोघंही शेकापवाल्याची किंवा समाजवाद्याची मदत घेणार. आमच्या घरातले म्हातारे लोक अजून सांगतात की मत द्यायचं ते चिन्हाला नसायचं, गटाला असायचं.

कोठारींचं मोठेपण मला इथे वाटतं की त्यांनी आपली थिअरी मांडीवर घेऊन कुरवाळली नाही. बरोबर दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच जर्नलमध्ये त्यांनी आपल्याच लेखाची फेरतपासणी केली. आपल्याकडे असं कोण करतं सांगा. एकदा नाव झालं की माणूस निवृत्त होईपर्यंत तोच लेख वेगवेगळ्या सेमिनारात वाचत फिरतो.

आणि व्यवस्था मोडली ती कशी मोडली, याचं उत्तरही त्याच चौकटीत सापडतं हे माझं मत. १९७८ चा पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, बघा. गट आतच होता, बाहेर जनता पक्ष होता, आणि एके दिवशी आतल्या गटाने बाहेरच्यांचा हात धरून आपलंच सरकार पाडलं, ३७ वर्षांचे शरद पवार मुख्यमंत्री. ‘गट बाहेरच्यांची मदत घेतो’ एवढंच कोठारींनी म्हटलं होतं, इथे गट बाहेर जाऊन उभाच राहिला. १९९५ ला तर कमाल झाली, विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले कितीतरी काँग्रेसचेच बंडखोर, आणि युतीचं सरकार आलं ते त्यांच्याच टेकूवर. म्हणजे काँग्रेस हरली ती काँग्रेसवाल्यांकडूनच. ज्या गटबाजीला कोठारी पक्षाची ताकद म्हणत होते तीच शेवटी पक्षाला खाऊन बसली, कारण मधली भांडणं मिटवणारी यंत्रणा वरच्यांनी आधीच मोडून टाकली होती. मुख्यमंत्री दिल्लीहून पाकिटातून येऊ लागला की मग जिल्ह्यातल्या गटांनी एकमेकांशी जुळवून कशाला घ्यायचं?

आता जातीकडे येतो, कारण माझ्या मते कोठारींचा सगळ्यात टिकाऊ भाग तो आहे, काँग्रेसवाला नाही. त्याच १९७० साली त्यांनी संपादित केलेलं ‘कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स’ आलं. रिव्ह्यू जरी ‘पॉलिटिक्स इन इंडिया’चा असला तरी हे दुसरं जोडीने घ्याच, आणि पैसे एकाचेच असतील तर हे घ्या. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी जे म्हटलंय ते माझ्या शब्दात सांगायचं तर असं: राजकारणात जात आली म्हणून गळा काढणाऱ्यांना असं राजकारण हवंय ज्याला समाजच नाही. राजकारणाला माणसं गोळा करायला काहीतरी आधीच बांधलेलं लागतं, आपल्याकडे ते जातीत बांधलेलं होतं, म्हणून राजकारण तिथे गेलं. पण गेलं तेव्हा फक्त राजकारण बदललं नाही, जातही बदलली. ज्याला जातीयवाद म्हणता ते म्हणजे जातीचं राजकीयीकरण, याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

त्यात गुजरातच्या क्षत्रिय सभेवर कोठारी आणि ऋषिकेश मारू यांचा लेख आहे, तो वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आत्ताचं चाललंय. एकमेकांत रोटी-बेटी नसलेले वरचे राजपूत आणि खालचे बारिया-कोळी एकाच ‘क्षत्रिय’ नावाखाली येतात, कशासाठी, तर आकडा मोठा दिसावा म्हणून. नाव जुनं, पण जो समूह तयार झाला तो नवा कोरा. मग आपल्याकडचं मराठा-कुणबी बघा. माळी-धनगर-वंजारी मिळून ‘माधव’ बघा, हा शब्द कुठल्या पुराणात नाही, पक्षाच्या बैठकीत जन्मला. गुजरातमध्ये पुढे ‘खाम’ आलं, म्हणजे क्षत्रिय, हरिजन, आदिवासी, मुस्लिम यांची मोट. ओबीसी हा शब्द तर कायद्याच्या कागदावरून निघाला आणि आता लोक तो स्वतःची ओळख म्हणून सांगतात. मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ ला झाला, सुप्रीम कोर्टाने २०२१ ला रद्द केला, २०२४ ला पुन्हा दहा टक्क्यांचा झाला, आणि या सगळ्या गडबडीत एका जातीला आपण नेमके कोण याचे पुरावे निजामकाळातल्या कागदांत शोधावे लागले. जात काळाच्या आधीपासून तशीच गोठलेली आहे असं म्हणणाऱ्याला हे कसं समजावणार? कोठारींच्या चौकटीत ते दोन मिनिटांत समजतं.

त्याच पुस्तकात एलिनॉर झेलियट यांचा महारांवरचा लेख आहे, राजकीय साधनं वापरायला शिकण्याबद्दलचा. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ चं शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, १९५७ चा रिपब्लिकन पक्ष या वाटेने जाणाऱ्या समाजाची ती गोष्ट आहे, आणि मराठी वाचकाने ती वाचलीच पाहिजे. पण इथेही एक खोच आहे. बाबासाहेबांना जात संपवायची होती. कोठारींच्या मांडणीत जात संपत नाही, ती नवं काम शोधते. दोन्ही एकदम खरं कसं असेल हा प्रश्न माझ्या डोक्यात अजून घोळतोय, आणि पुस्तकात याचं उत्तर मिळेल या आशेने वाचाल तर फसाल. १९९४ मध्ये त्यांनी दलितांच्या उदयावर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला, त्यात ते या प्रश्नाच्या जास्त जवळ येतात, मंडलनंतरचा तो काळ होता. तो मिळाला तर वाचा.

एक गोष्ट जी पुस्तकात थेट नाही पण कोठारींशिवाय झाली नसती, ती म्हणजे सर्व्हे. १९६३ मध्ये कोठारींनी दिल्लीत सीएसडीएस ही समाजाचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली, आशिष नंदी, धीरूभाई शेठ, रामाश्रय रॉय, बशीरुद्दीन अहमद अशी माणसं जमवली, आणि १९६७ च्या निवडणुकीत देशभर मतदारांना जाऊन विचारलं की बाबा तू मत कसं दिलंस. त्याआधी मतदार म्हणजे पुढाऱ्यांच्या आणि संपादकांच्या कल्पनेतला प्राणी होता. आज निकालानंतर पेपरात जे तक्ते येतात, कुठल्या जातीने कोणाला, बायकांनी कोणाला, शहरी-ग्रामीण किती, त्यातले धड तक्ते बहुतेक लोकनीतीचे असतात, आणि लोकनीती म्हणजे सीएसडीएसचंच नव्वदच्या दशकातलं पोर. आपल्याकडे सुहास पळशीकरांसारख्यांनी पुण्यातून हे काम पुढे नेलं, मराठीतून लिहिलं, म्हणून ‘वर्चस्व’ वगैरे शब्द आपल्या पेपरांत इतके सहज आले. एग्झिट पोलवाल्यांच्या ओरडाआरडीत हा फरक कोणी सांगत नाही की एक धंदा आहे आणि दुसरा अभ्यास. असो, तो वेगळा विषय.

पुस्तकातला कोठारी आणि नंतरचा कोठारी, हे दोन वेगळे लोक वाटतात हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही पुस्तक वाचून त्यांना सरकारी आशावादी समजाल. १९७० च्या पुस्तकात त्यांचा राज्यसंस्थेवर भारी विश्वास आहे, शिकलेले, आधुनिक विचारांचे नेते मधोमध बसतील आणि समाजाला हळूहळू सामावून घेत पुढे नेतील असा एकूण सूर. मग आणीबाणी आली. त्यानंतर हा माणूस बदलतच गेला. १९८० ला लोकायन सुरू केलं, चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आणि अभ्यासकांना एकत्र बसवायचा प्रयोग, त्याला १९८५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पक्षांच्या बाहेर चालणाऱ्या राजकारणावर लिहायला लागले, म्हणजे जमिनीचे, जंगलाचे, धरणाचे लढे, जे तोवर राज्यशास्त्रात धरलेच जात नव्हते. १९८४ ला दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं तेव्हा पीयूसीएल आणि पीयूडीआर या नागरी हक्कांच्या संघटनांचा ‘दोषी कोण’ विचारणारा अहवाल काही आठवड्यांतच आला, आणि तेव्हा पीयूसीएलचे अध्यक्ष कोठारी होते. काँग्रेस म्हणजे सहमतीची व्यवस्था असं १९६४ ला जगाला सांगणारा माणूस वीस वर्षांनी हे करतोय. १९८८ च्या पुस्तकाचं नावच ‘स्टेट अगेन्स्ट डेमॉक्रसी’. म्हणून पहिलं पुस्तक वाचून थांबू नका, अर्धाच माणूस भेटेल.

आता तक्रारी. बायका या पुस्तकात जवळपास नाहीतच, अर्धा देश गायब. जमीन कोणाकडे आणि मजूर कोण हेही अंधुक आहे, डाव्या अभ्यासकांनी याबद्दल त्यांना पुष्कळ धुतलंय आणि माझ्या मते बरोबरच धुतलंय, कारण गट नेमके कशावर भांडतात तर पाण्याच्या पाळीवर, उसाच्या तोडीवर, कर्जावर, आणि ते ‘गट’ या एका शब्दात गुंडाळलं की गोड दिसतं. ‘साखर कारखाना विसरले’ ही समासातली नोंद उगाच नाही. वाक्यं लांब, एकेक वाक्य अर्धा परिच्छेद, आणि विनोद शून्य. काश्मीर किंवा ईशान्येकडच्या भागात ही सहमती कशी वागली याचा विचार करायला गेलं की मॉडेलला धाप लागते.

आणि आजचं काय? भाजपची व्यवस्था ही काँग्रेस व्यवस्थेची दुसरी आवृत्ती आहे का, हा प्रश्न २०१४ पासून चालूच आहे. आकडे बघितले तर फसायला होतं: २०१४ ला ३१ टक्के मतं आणि २८२ जागा, २०१९ ला ३७ टक्के आणि ३०३, तेच कमी मतं-जास्त जागांचं गणित. बाहेरच्या पक्षांतून माणसं आत ओढणं, हेही तेच. पण कोठारींची खरी कसोटी आकड्यांची नव्हतीच, ती होती की आत भांडायला जागा आहे का आणि बाहेरच्याचं ऐकलं जातं का. ती लावून बघितली की दोन्ही व्यवस्था एकसारख्या दिसत नाहीत, निदान मला तरी. शेतीचे तीन कायदे २०२० ला आले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मागे घ्यायची घोषणा झाली, ते पक्षातल्या कुठल्या गटाने आतून रेटल्यामुळे नाही, रस्त्यावर वर्षभर बसलेल्या लोकांमुळे. म्हणजे तिथे १९६४ चा कोठारी कमी पडतो आणि चळवळींवर लिहिणारा नंतरचा कोठारी कामाला येतो. आणि महाराष्ट्रात तर दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी झाल्यापासून सत्तेत कोण आणि विरोधात कोण हे सांगायला कागद-पेन्सिल घ्यावी लागते, पालकमंत्रिपदावरून मित्रपक्षच एकमेकांचे खरे विरोधक. हे बघून ते काय म्हणाले असते कोण जाणे, १९ जानेवारी २०१५ ला ते गेले.

घ्यावं कोणी? नेट-सेट, एमपीएससीवाल्यांनी नुसत्या परीक्षेसाठी घेऊ नये, तिथे गाईड पुरतं आणि पेपरात ‘या म्हणतात’ लिहिलं तरी चालतं हे मी सिद्ध केलंय. पत्रकारितेत असाल, स्थानिक राजकारण जवळून बघत असाल, घरात कोणी सरपंचकी-झेडपी केलेली असेल तर नक्की घ्या, पानोपानी ओळखीची माणसं भेटतील. क्रम असा ठेवा: १९६४ चा लेख, मग जातीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना आणि गुजरातचा नि महारांवरचा लेख, मग हे पुस्तक सवडीने, पहिली पन्नास पानं शेवटी. जातीवरच्या पुस्तकाची जेम्स मॅनर यांनी अद्ययावत केलेली २०१० ची आवृत्ती आहे, छापील अक्षर सुसह्य हवं असेल तर ती बघा.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार भाषेसाठी कापला, आणि खरं तर अर्धा बायका विसरल्याबद्दल अजून कापायला हवा होता पण अर्धा स्टार देता येत नाही. माझी प्रत कोणी वाचायला मागू नका, ‘साखर कारखाना विसरले’ याच्या खाली मी आता निळ्या पेनने ‘आणि दूध संघ’ असं लिहून ठेवलंय.